निधनवार्तांच्या मागचं सुडोकू

बोरिवली ते अंधेरी मेट्रोच्या प्रवासात मला सुडोकूचं असं वेड लागलं की कोडं सुटलं नाही तर मी ऑफिसात सगळ्यांवर खेकसायचे. घरातून निघताना पेपरातलं तेवढं एक पान टर्रकन फाडायचं आणि पर्समध्ये कोंबायचं.

एके सकाळी सासरे दारातच आडवे उभे राहिले. "गंधाली, माझं पान रोज कुठे नेतेस?"

त्या पानाच्या मागे निधनवार्ता असतात, याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. सासूबाई गेल्यापासून बाबा पेपरात तेवढंच वाचायचे. कोण गेलं, कितव्या वर्षी गेलं. मग दिवसभर गप्प.

"सकाळी सकाळी मेलेल्यांची यादी कशाला हवी तुम्हाला?" मी फटकन बोलून गेले. वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही. "संध्याकाळी आणून देते."

संध्याकाळी पान टीपॉयवर टाकलं. सुडोकू अर्धंच झालं होतं. सकाळी बघते तर उरलेल्या घरांत पेन्सिलीने थरथरते आकडे भरलेले! माझ्या सातावर काट मारून तिथे चार लिहिलेला. बाजूला शेरा: 'घाई नको.'

मला राग आला. चार बरोबर होता, म्हणून जास्तच आला.

मग रोज तसंच होऊ लागलं. महिन्याभराने मलाच लाज वाटली. "बाबा, आजपासून मी सुडोकूचा फोटो काढून नेते. पान घरीच राहू दे, तुम्हाला निधनवार्ता वाचता येतील."

"त्या राहू देत गं," पेन्सिलीच्या इवल्याशा तुकड्याला टोक काढत बाबा म्हणाले. "येताना पेन्सिली घेऊन ये. एक नको, अख्खं पाकीट आण."