खुंटीवरची टोपली

मी एक जुनी टोपली आहे. बुडाला भोक पडलंय, तेवढं पाहू नका, मित्रांनो. पोंभुर्ण्याजवळच्या गावात मुखरूभाऊंनी मला ओल्या बांबूच्या कामट्यांनी विणलं आणि रुखमाबाईच्या हाती दिलं.

आमच्या गावात मोहाची झाडं घराघराने वाटलेली. चैत्रात रुखमाबाई पहाटेच आपल्या झाडाखाली वाकायची. रात्री गळलेली फुलं रसाने टच्च भरलेली, थंडगार असत. बाई वेचायची, सोबतिणींशी हसायची. साठी उलटली तरी औषधाची गोळी कशी असते, हे तिला ठाऊक नव्हतं.

एका वर्षी मोहाखालीच वाघाने शेजारच्या गिरजाबाईचा जीव घेतला. रुखमाबाईच्या मुलाने, प्रफुलने, मला खुंटीवर टांगलं आणि आईची जंगलाची वाट बंद केली. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! भीती कुणाला सुटली आहे?

पण दोन वर्षांत बाईची पार रया गेली. झोप उडाली, साखर वाढली, पाय सुजले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर अंगणात चार फेऱ्या मारून ती दारात बसायची, तोंड जंगलाकडे करून. बोलणंही आटलं. मला वरून सगळं दिसायचं आणि फार वाईट वाटायचं.

तिसऱ्या चैत्रात प्रफुलने शक्कल लढवली. बाजारातून मोह आणून अंगणभर पसरला आणि मला आईपुढे ठेवलं. लेकाचं मन मोडू नये म्हणून ती वाकली. चार फुलं वेचली आणि थांबली.

"बेटा, हा तर वाळलेला मोह आहे. हाताले गार लागून नाई राह्यला."

प्रफुल तिथेच रडला. दुसऱ्या दिवशी, चांगलं उजाडल्यावर, वाघ दूर राहावा म्हणून डबे वाजवत दहा-बारा जण बाईला घेऊन मोहाकडे निघाले. हे आधीच सुचलं असतं तर! शिवेपर्यंतच बाईला धाप लागली, ती परतली. प्रफुलने माझ्या भोकावर पळसाचं पान ठेवून तिच्यासाठी फुलं आणली. बाईने माझ्यात हात खुपसला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आता गार लागते," ती म्हणाली.

पावसाळ्याआधी ती गेली. वाघाने तिला कधी पाहिलंही नव्हतं.

मित्रांनो, वाघापासून जपाच. सोबतीने जा, उजेडी जा. पण जंगलात वाढलेल्या माणसाला घरात कोंडू नका. माझ्या बुडाचं हे भोक जंगलात पडलेलं नाही. खुंटीवर नुसती टांगलेली असताना मला कीड लागली.