आठ पॉइंट नऊ

विज्ञानाच्या बाईंनी एकविसाव्या वहीवर लाल पेनाने शून्य ठोकलं आणि वही गठ्ठ्यावर आपटली. गुरुत्वत्वरण काढायचा लंबकाचा प्रयोग होता आणि उत्तर सगळ्यांचं नऊ पॉइंट आठ, अगदी पुस्तकातलं. आकडे एआयकडून भरून घेतले होते हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दोघांनी तर त्याचं ‘नक्कीच, हा घ्या तक्ता’सुद्धा उतरवलं होतं. नकलेलाही थोडी अक्कल लागते! बाईंनी आधीच बजावलं होतं, एआयला हात लावाल तर प्रात्यक्षिकात शून्य. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बाविसावी वही शंकासुराची होती. सतत हात वर करणाऱ्या या मुलीला ते नाव बाईंनीच दिलं होतं. तिचं उत्तर आठ पॉइंट नऊ होतं, तेही तीनदा. बाईंनी तिला बोलावून घेतलं.

“इतकं कसं चुकलं गं?”

“मीही तेच विचारलं, बाई. एआयला.”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. मुलीचा चेहरा उतरला, पण ती थांबली नाही.

“आधी ते म्हणालं, नऊ पॉइंट आठचा तक्ता करून देतो. मला नको होता. मग त्यानं मलाच विचारलं, दोरी नीट मोजली का, घड्याळ तपासलं का. दोरी मोजली होती. घड्याळ नव्हतं तपासलं.” तिने टेबलावरचं स्टॉपवॉच पुढे केलं. “हे मिनिटाला तीन सेकंद पुढे पळतं. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बाई, शून्य मिळालं तर मला सायन्सला प्रवेश मिळणार नाही.”

बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी आपला फोन शेजारी ठेवला आणि दोन्ही घड्याळं एकदमच सुरू केली. फोनवर साठ सेकंद झाले तेव्हा स्टॉपवॉचवर त्रेसष्ट झाले होते.

प्रयोगशाळेत स्टॉपवॉच हे एकच. ते आणल्यापासून सात वर्षं प्रत्येक वहीत नऊ पॉइंट आठच आलं होतं आणि बाईंनी पैकीच्या पैकी दिले होते. फळ्यावर त्या स्वतःही न मोजता तेच उत्तर काढून दाखवत. तेव्हा एआय कुठे होतं? बाईंना लाज वाटली, आणि समोरच्या पोरीचं कौतुकही.

त्यांनी तिच्या वहीत वीसपैकी वीस लिहिले. मग एक कोरी वही काढली आणि ‘विद्यार्थ्याचे नाव’ याच्यापुढे स्वतःचं नाव घातलं.

“बांध दोरी. वही तूच तपासायचीस,” त्या म्हणाल्या. “आणि शून्य द्यावं लागलं तर कचरू नकोस.”