रुमालाखालचं माप

"आज्जा, आपल्या पेजवर कोण काय बघतंय ते सगळं दिसतंय मला!" ब्राह्मी काउंटरवर चढायचीच बाकी होती. दहावीची परीक्षा संपल्यापासून सांगलीतल्या त्यांच्या बुटांच्या दुकानाचं ऑनलाइन खातं तिच्या ताब्यात होतं आणि तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. "रहिमतपूरचं एक गिऱ्हाईक रोज सकाळी पळायचे बूट उघडतंय. लेडीज, पाच नंबर. भरतीवालीच असणार! नुसतं बघतंय, घेत नाही."

"मग बघू दे की," आदगोंडा आज्जा म्हणाला. सारी हयात हळदीच्या बाजारात आडत केलेला माणूस. खांद्यावरचा रुमाल अजून सुटला नव्हता. "बघणं म्हंजे घेणं न्हवं."

पण ब्राह्मी कसली ऐकतेय! तिनं मेसेज ठोकलाच : 'भरतीची तयारी जोरात ना, ताई? तुम्ही रोज बघता ते बूट आज स्वस्तात!'

दुसऱ्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. पिळदार मिशा, ताठ कणा. "मी लालासाहेब. रिटायर सुभेदार, रहिमतपूर. ह्यो मेसेज कुणी धाडला?"

"मीच, काका!" गिऱ्हाईक घावलं म्हणून ब्राह्मी फुललीच.

"नंबर माझा हाय. घरात मोठा मोबाईल एकच, सगळ्यांच्या हातात फिरतोय. दोन पोरी हायती मला. थोरलीला रविवारी बघायला येणार हायती. भरतीचं याड दोघीतल्या कुणाला लागलंय? नाव नको. दोघींच्या पायाची मापं येगळी हायती; कुठलं माप बघितलं, तेवढं सांग."

ब्राह्मीची नजर कॉम्प्युटरवरच्या पाच नंबरकडं गेली. एक आकडा सांगितला की संपलं. तिनं कधी न पाहिलेली ती पोरगी तिला दिसायलाच लागली : चहाला आधण ठेवून, पदराआड, छे, ओढणीआड मोबाईल धरून बूट बघणारी. कुणाला कळू नये म्हणून तर बघत होती ना? आणि आपण घरभर दवंडी पिटली!

आज्जानं खांद्यावरचा रुमाल काढून कॉम्प्युटरवर टाकला. "पाव्हणं, हळदीच्या सौद्याला आमी रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचो. कुणी किती दाबली, ते आडत्याच्या पोटात."

"ह्यो हळदीचा सौदा न्हाई, आज्जा. माझी पोर हाय!"

"म्हणूनच, काका," ब्राह्मी काउंटरमागून पुढं आली. "चूक माझी आहे. मी तिला न विचारता रुमाल अर्धा उचलला. आता पुरता नाही उचलणार. तुम्ही तिलाच विचारा."

"एवढीशी पोर, आन मला शिकवती व्हय?"

"आवं, शिकवत नाही. माफी मागतेय."

लालासाहेबांनी मांडणीवरचा एक बूट उचलून त्याचा तळ अंगठ्यानं दाबला, वाकवला, कानाशी नेऊन टिचकी मारली. ठेवता ठेवता पुन्हा एकदा दाबला.

"अंदाजानं एक जोड नेला, आन माप चुकलं, तर?"

पाच नंबर ब्राह्मीच्या जिभेच्या टोकावर नुसता उड्या मारत होता. तिनं तो गिळला. "बदलून देऊ की. पण जिचे पाय, तिलाच आणा ना. इथल्या इथं पळून बघू दे."

ते बाहेर गेले. किकवर पाय ठेवला आणि तसेच थांबले.

"दुकान," त्यांनी मान न वळवता विचारलं, "रविवारी उघडं असतंय का?"