मागच्या दाराचा साक्षीदार

ज्या इमारतीत पाय मोडलेली माणसं येणार, तिथेच दारात पायऱ्या ठेवायच्या, याला डोकं लागतं. हे डोकं तिच्या धाकट्या दिराचं होतं. हाडांच्या नव्या हॉस्पिटलचा आर्किटेक्ट तोच. समोर काळ्या दगडाच्या रुंद, चकचकीत पायऱ्या आणि वर काचेचं दार. चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी उतार होता, नाही असं नाही. पण तो होता मागे, कचऱ्याचे डबे आणि जनरेटर यांच्या मधून.

इमारती सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून सल्ला देणं हा तिचा व्यवसाय. देणगीदारांनी अटच घातली होती, तिची सही झाल्याशिवाय हॉस्पिटल उघडायचं नाही. आणि ती काही केल्या सही करत नव्हती.

दिराच्या ऑफिसात तिला नकारघंटा म्हणत. हे नाव दिरानेच ठेवलंय हे तिला ठाऊक होतं, आणि घंटाच व्हायचं तर चांगलं खणखणीत वाजावं असं तिचं मत होतं. घरी जेवताना दोघांची जुंपली की तिचा नवरा ताटात डोकं घालून बसे. दोन्हीकडून शिव्या खाण्यापेक्षा भाजी खाल्लेली बरी, असा त्याचा हिशेब.

त्या सकाळी हॉस्पिटलच्या दालनात दोघं पुन्हा समोरासमोर उभी होती.

“वहिनी, उतार दिलाय. नियमात बसतो. आता अजून काय हवंय तुम्हाला?”

“मग पायऱ्या मागे न्या, भाऊजी, आणि उतार पुढे आणा. तेही नियमात बसेल.”

“समोरचं सगळं रूप जाईल!”

“रूप बघायला पेशंट आत तर आला पाहिजे ना.”

दीर हसला. त्याच्या त्या हसण्याने तिच्या डोक्यात तिडीक गेली, कारण तो हसतो तेव्हा त्याने काहीतरी शिजवलेलं असतं. त्याने मागच्या दाराकडे पाहून हाक मारली, “बाबा, या!”

तिचे सासरे वॉकर ढकलत आत आले. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांची डावी बाजू हट्टी पोरासारखी मागे मागे राहायची. डावी चप्पल कचऱ्याच्या डब्यांतून गळलेल्या पाण्याने भिजली होती. बाबांनी सगळी नोकरी विम्याच्या कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर काढली होती. लोकांची इतकी रड ऐकली होती की स्वतः कधी तोंडातून ब्र काढत नसत. दिराला हे पक्कं माहीत होतं. तिलाही माहीत होतं. म्हणून तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“बाबांना मागूनच आणलं,” दीर म्हणाला. “विचारा त्यांनाच. काही त्रास?”

“काही नाही. छान आहे,” बाबा म्हणाले.

एवढ्यात हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर आले. सहीवरून वाद अडला तर शेवटचा शब्द त्यांचाच होता. दोघांचं ऐकून घेण्याआधीच त्यांची नजर बाबांवर गेली आणि चेहरा फुलला.

“अहो मॅडम, हे तर तुमच्या फोटोतले आजोबा!”

तिने चटकन बाबांकडे पाहिलं.

“कुठला फोटो?” बाबांनी विचारलं.

डॉक्टर मनाचे चांगले होते, आणि चांगली माणसं अशा वेळी जो घोटाळा करतात तो वाईटांना जमत नाही. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, शोधून फोटो मोठा केला आणि बाबांच्या हातात दिला. “हा पाहून आमच्या विश्वस्तांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथेच ठरलं, सल्ल्याचं काम या मॅडमनाच द्यायचं.”

घरच्या बाथरूमचं अरुंद दार. त्यात आडवा होऊन अडकलेला वॉकर. बेसिनला एका हाताने लटकलेले बाबा, पायजम्याची नाडी लोंबतेय आणि तोंड अर्धं उघडं. दार किती रुंद करायचं हे सुताराला दाखवायला तिने तो काढला होता. सुताराचं काम झालं, दार रुंद झालं, फोटो राहिला. मग तो एका सभेत दाखवला, मग दुसऱ्या. चेहरा झाकून पाहिला होता तिने. पण झाकला की लोकांची मनं हलत नसत.

बाबांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिला आणि परत केला.

“तर आजोबा, वाद तुम्हीच मिटवा,” डॉक्टर म्हणाले. “मागचा रस्ता कसा वाटला? तुम्ही म्हणाल तसं करू.”

बाबांनी दिराकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहत, एकेक शब्द तोलत ते म्हणाले, “उत्तम रस्ता आहे. तोच ठेवा.”

दिराचा जीव भांड्यात पडला. तिचा मात्र तोल गेला. पुढे येणारी सगळी लंगडी, पांगळी, प्लास्टरमधली माणसं त्या डब्यांमधून जाणार होती, आणि तेही या एका वाक्यामुळे.

“खोटं बोलतायत ते!” ती ओरडली.

सासऱ्यांना चारचौघांत खोटं पाडणारी सून म्हटल्यावर दालनात फरशी बसवणारे दोघे मजूरसुद्धा हातातलं काम सोडून बघू लागले.

“हो, खोटं बोलतोय,” बाबा शांतपणे म्हणाले. “मागे घाण आहे. नाक दाबून आलो. जनरेटरने कान किटले. तिथला झाडूवाला म्हणाला, आजोबा, चुकलात, हा कचऱ्याचा रस्ता आहे. सगळं खरंय. आधी खोटं बोललो ते पोरासाठी. आत्ता बोललो ते तुझ्यामुळे. तुझ्या धंद्याला लागणारं खरं मी माझ्या तोंडाने का म्हणून बोलू? जगाला दाखवत फिरलीस मला. एका शब्दाने विचारलंस?”

 

डॉक्टर खाकरले. मग दिराला म्हणाले, “पायऱ्या फोडा. उतार पुढून घ्या.”

“जिंकलात, वहिनी,” दीर दातओठ खात म्हणाला आणि बाहेर निघून गेला. एरवी तिने उलट उत्तर दिल्याशिवाय त्याला दारापर्यंत पोचू दिलं नसतं.

ती बाबांजवळ गेली. “फोटो काढून टाकते, बाबा. सगळीकडून.”

“आता कशाला? सगळ्यांनी बघून झाला की.”

घरी जायला पुन्हा मागचीच वाट होती. सवयीने तिचा हात त्यांच्या कोपराकडे गेला. बाबा थांबले. त्या हाताकडे पाहत राहिले, तो मागे जाईपर्यंत.

“हात धरू का, बाबा?” तिने विचारलं. इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं.

“नको,” ते म्हणाले.