एकतीस विसा आणि चार

सरकारी कागदावर हरणाबाईच्या मेंढरांचा आकडा शून्य निघाला.

खासदार आकारामआप्पांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि समोर बसलेल्या शिवांजलीकडे सरकवला. "पोरी, तू आकड्यातली. ह्यात चूक कुठं हाय ती सांग."

शिवांजली संख्याशास्त्र शिकलेली. आप्पांच्या पलूसच्या कार्यालयात आलेली पत्रं ती वाचायची आणि तलाठ्याचं काम, जिल्ह्याचं काम, दिल्लीचं काम अशा तीन थप्प्या लावायची. हा कागद दिल्लीच्या थप्पीतला होता. मतदारसंघाच्या पूर्वेला, कोरड्या भागात बोरमाळवाडी नावाची धनगरांची वाडी आहे; हरणाबाई तिथलीच. वाडी आणि तिचं माळरान यांच्या मधून नवा चौपदरी महामार्ग गेला. चारा पलीकडं, तळंही पलीकडंच. वाडीसमोर दुभाजकाला अजूनही एक फट शिल्लक होती. तिच्यातून मेंढरं सकाळी माळावर जायची आणि दिवस कलताना परत यायची. ती फट दिवाळीपर्यंत बुजवायची होती. मग राहिला तो पाच किलोमीटरवरचा उड्डाणपूल. म्हणजे पुलापर्यंत पाच, पलीकडून माळापर्यंत पाच. जाताना दहा, येताना दहा.

आप्पांनी भुयारी वाट मागितली. रस्त्याच्या कार्यालयानं सात दिवस माणूस बसवून मोजणी केली आणि उत्तर धाडलं, 'सदर ठिकाणी रस्ता ओलांडणारी वाहने शून्य. सबब भुयारी मार्गाची आवश्यकता दिसून येत नाही.'

"बेरीज बरोबर आहे आप्पा," शिवांजली म्हणाली.

"बरोबर?"

"रकानाच नाही ना. मोटार, मोटारसायकल, बस, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी, सायकल एवढेच रकाने आहेत. सगळं मोटारीच्या हिशेबात बदलायचं असतं. मोटारसायकल म्हणजे अर्धी मोटार, ट्रक म्हणजे तीन, बैलगाडी म्हणजे सहा. मेंढरू म्हणजे किती, ते कुणी लिहिलेलंच नाही. तो माणूस सात दिवस रस्त्याकडेला बसला, चौदा वेळा कळप त्याच्या नाकासमोरून गेला आणि त्यानं प्रामाणिकपणे शून्य लिहिलं."

आप्पा पोट धरून हसले. फौजेत वीस वर्षं काढून ते नायब सुभेदार म्हणून परत आले होते, त्यामुळं प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं पलटणीतला एक दाखला तयार असायचा. "आमच्याकडं असाच एक कारकून हुता. म्हनलं, बंदुका मोज. त्यानं मोजल्या, पर तोफ सोडून दिली. का रं? तर म्हनला, सायेब, ती तर तोफ हाय!"

मग त्यांचं हसू हळूहळू विरलं. हरणाबाईचा कळप आप्पांच्या उसाच्या रानात खतासाठी बसायचा, तो त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. निवडणुकीत ते बोरमाळवाडीत गेले तेव्हा बाई एवढंच म्हणाली होती, "मत देतो आप्पा. पर मेंढरांची वाट तेवढी इसरू नका." आप्पांनी तेव्हा मान डोलवली होती. मान डोलवायला काय लागतं!

"चल," ते उठले. "आपणच मोजू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वाडीसमोर हजर झाले. शिवांजलीच्या हातात बटण दाबून मोजायचं छोटं यंत्र होतं. हरणाबाई दुभाजकाजवळच्या दगडावर बसली होती. साठीची, उन्हानं रापलेली, आणि जीभ धारेची. तिचा मुलगा पप्पू रस्त्याच्या मधोमध लाल टॉवेल फडकवत उभा होता. दोन्ही बाजूंना ट्रक थांबले, भोंगे वाजले.

"वाजव, वाजव!" पप्पू ओरडला. "मेंढराला गाणं लय आवडतंय!"

कळप सुटला. बाईच्या शेजारी खड्यांचा ढीग होता. वीस मेंढरं गेली की एक खडा ती ओटीत टाकायची. तोंडानं एक अक्षर नाही. शेवटचं मेंढरू पलीकडं गेलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. बाईनं ओटी चाचपली. "एकतीस इसा नं चार."

विसा म्हणजे वीस. एकतीस विसा सहाशे वीस, वर चार. शिवांजलीनं मनात गुणाकार केला आणि यंत्राकडं पाहिलं. "मावशी, माझी सहाशे एकोणीस भरली."

"तुझी पाच कोकरं ऱ्हायली, बाई. आयांच्या पोटाखालनं गेली न्हवं का ती. यंत्राला वाकाया येत न्हाई."

शिवांजली लाजली, पण वहीत सहाशे चोवीसच लिहिलं. संध्याकाळी कळप परतताना तिनं वाकून मोजलं, आणि तेवढीच भरली.

आप्पांनी बाईला विचारलं, "आणि फट बुजली तर?"

"तर काय, बाजार." बाईनं माळाकडं पाहत उत्तर दिलं. "कोकरं ईस किलुमीटर चालत्यात व्हय? पप्पूनं व्यापाऱ्याला सांगून ठिवलंय. दिवाळी झाली की सगळा कळप द्यायचा."

"आये, म्या काय खुशीनं सांगितलं?" पप्पू पुटपुटला.

"तुला कुठं काय म्हनलं मी? तू टावेल फडकीव."

गाडीत बसल्यावर आप्पांनी सरकारी कागद पुन्हा एकदा उघडला. मग म्हणाले, "रस्ता राष्ट्रीय हाय. म्हंजे बोलायचं बी राष्ट्रातच."

पावसाळी अधिवेशनात आप्पांचं नाव शून्य प्रहराच्या चिठ्ठीत दोनदा निघालं आणि दोन्ही वेळा त्यांची पाळी येण्याआधी वेळ संपली. तिसऱ्यांदा निघालं तेव्हा शिवांजली फोनवरून म्हणाली, "आप्पा, शून्याचा प्रश्न शून्य प्रहरातच सुटणार." मराठीत बोलणार असल्याचं आप्पांनी आधी कळवून ठेवलं होतं. शिवांजलीनं मजकूर लिहून दिला होता, दोन मिनिटांत बसेल असा, घड्याळ लावून.

पुकारा झाला. आप्पा उठले, कवायतीसारखे ताठ. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात बोरमाळवाडी नावाची वाडी आहे," इथपर्यंत आवाज थरथरला, मग लागला. रकान्याची गोष्ट सांगितली. सात दिवसांचं शून्य सांगितलं. आता कळपाचा आकडा. कागदावर स्वच्छ अक्षरात सहाशे चोवीस होतं. पण आप्पांच्या डोळ्यांपुढं ओटीतले खडे आले आणि तोंडातून निघालं, "महोदय, रोज दोन वेळा तिथून एकतीस विसा आणि चार मेंढरं जातात."

समोरच्या बाकांवर कुणीतरी कानातलं यंत्र काढून पाहिलं. दुसऱ्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं. मग हसू फुटलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत गेलं. पलीकडून कुणी हिंदीत ओरडलं, "भेड़ों को वीज़ा कब से लगने लगा, भाई?"

आप्पांना काही उमजेना. त्यांना वाटलं, मेंढरांना हसताहेत. कानशिलं तापली. आत्तापर्यंत आयुष्यात त्यांनी हरणाबाईला कुणी हसलेलं खपवून घेतलं नव्हतं, आणि ही तर देशाची सभा. तोंड उघडणार तोच शेजारच्या बाकावरचे विदर्भातले खासदार हळूच म्हणाले, "आप्पा, तुमच्या विसाचा दुभाष्यानं इंग्रजीत व्हिसा केला. एकतीस व्हिसा आणि चार मेंढ्या, असं ऐकू येऊन राहिलं सगळ्यांना."

आप्पांनी मान वळवून समोरच्या बाकांकडं पाहिलं. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"अध्यक्ष महोदय, आमच्याकडं विसा म्हणजे वीस. सहाशे चोवीस मेंढरं आहेत. पण सन्माननीय सदस्य म्हणाले ते काही खोटं नाही. अलीकडंही भारतच, पलीकडंही भारतच. मधे फक्त एक रस्ता आहे. आणि तो ओलांडायला दिवाळीनंतर माझ्या मेंढरांना खरोखरच व्हिसा लागणार आहे. मंत्री महोदयांनी तो द्यावा, नाहीतर खालून वाट द्यावी. आणि एक मेंढरू म्हणजे किती मोटारी, तेवढंही एकदा ठरवून टाकावं."

आता बाकं वाजली. ज्यानं टोमणा मारला होता, त्याचंही बाक वाजलं. मंत्र्यांना उत्तर देणं भाग नव्हतं, तरी ते हसत उठले आणि म्हणाले, "मी माणसं पाठवतो. बरोबर नवीन रकानाही पाठवतो."

संध्याकाळी तो तुकडा वाडीतल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. आप्पांनी मुद्दाम फोन केला तर हरणाबाई आधी रागातच बोलली. "आवं आप्पा, दिल्लीला माझ्या मेंढरास्नी हसली म्हनं माणसं?"

"हसली, पर मग बाकं वाजीवली."

"बाकं कशापायी?"

"कबूल हाय, असं सांगायचं असंल की तिथं बाकं वाजवत्यात."

बाईनं विचार केला. "आमी डोस्कं हालीवतो. तुमी बी हालीवलं हुतं मागल्या टायमाला," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

माणसं खरोखरच आली. तरुण अभियंता होता, नाथाजी नावाचा. त्याच्या तक्त्याच्या उजव्या कडेला पेनानं नवा रकाना आखलेला होता, 'मेंढरे'. शिवांजलीनं त्याच्यापुढं वही ठेवली. अकरा मिनिटांत तिथून किती मोटारी गेल्या असत्या, त्यावरून तिनं हिशेब काढला होता, चार मेंढरं म्हणजे एक मोटार. नाथाजी म्हणाला, पाच. दोघं तासभर दगडावर बसून भांडली. "कोकरू अर्धं धरा की!" पप्पूनं तोडगा सुचवला, तो दोघांनीही नाकारला. शेवटी चार काय नि पाच काय, आकडा शून्य उरला नाही, हे महत्त्वाचं. वाडीजवळच ओढ्यावर रस्त्याखालून एक मोरी बांधायची होतीच. ती दीड पट रुंद आणि माणूस चालेल एवढी उंच करायची ठरली. काम होईपर्यंत फटीला हात लावायचा नाही, हेही ठरलं.

दिवाळी झाली. व्यापारी एकदा येऊन रिकाम्या हातानं गेला. त्यानंतर आठवड्याभरानं मोरी मोकळी झाली.

त्या सकाळी अख्खी वाडी जमली. आप्पांनी फीत नको म्हणून सांगितलं होतं, पण पप्पूनं मोरीच्या तोंडाला लाल टॉवेल बांधलाच. आप्पांनी तो सोडला. टाळ्या झाल्या. पप्पूनं शीळ घातली.

मेंढरं जागची हलली नाहीत.

मोरी आतून गार आणि अंधारी, नव्या सिमेंटचा वास. पुढच्या चार मेंढरांनी वाकून हुंगलं आणि ती मागं सरली. मागची त्यांच्या अंगावर आली. पप्पूनं ढकललं, हाकललं, गळ्यात पडून विनवण्या केल्या. नाथाजीचा चेहरा उतरला. एवढं सगळं होऊन कळप आतच गेला नाही, तर व्यापारी पुन्हा येणार, हे सगळ्यांच्याच मनात आलं.

"म्होरं कुणीतरी जाया पायजे," हरणाबाई म्हणाली. "पप्पू मागं लागंल. मी पल्याड मोजाया बसतो. आप्पा, तुमच्यामागं माणसं चालत्यात म्हनं. बगू, मेंढरं येत्यात का!"

लोक हसले. आप्पांनी धोतर खोचलं, बाईच्या हातातली बाभळीच्या शेंगांची मूठ घेतली आणि मोरीत शिरले. आतून त्यांचा आवाज घुमला, "हर्र, हर्र, या, या!" एका थोराड मेंढ्यानं शेंगांचा वास घेतला आणि तो त्यांच्या मागं गेला. त्याच्यामागं दुसरं. मग जणू बंधारा फुटला. आप्पा दुसऱ्या तोंडातून बाहेर आले ते जवळजवळ पळतच, धोतर सोडवत, कारण मेंढा शेंगांसाठी सोग्याला लागला होता.

पलीकडं हरणाबाई खड्यांचा ढीग घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी शिवांजली, यंत्र हातात, वाकून. वर रस्त्यावरून ट्रक जात होते. एकही थांबत नव्हता.

शेवटचं कोकरू उड्या मारत बाहेर आलं. उन्हाळ्यापासून कळप वाढला होता.

"सहाशे सेहेचाळीस," शिवांजली म्हणाली. "बत्तीस विसा आणि सहा. मावशी, ह्या वेळी एकही सुटलेलं नाही."

बाईनं ओटी चाचपली. "बत्तीस इसा नं सात."

"सहा! मी पोटाखालची पण धरलीत."

"पोटाखालची धरलीस ग," हरणाबाई म्हणाली आणि धोतर झटकत येणाऱ्या खासदारांकडं हनुवटीनं खूण केली. "म्होरला धरला न्हाईस."