भुरी कोठे जाई?

यंदा वर्ग लावायला हातच उचलत नव्हता. एरवी शाळा उघडायच्या आधी मी लोणखेड्याहून स्कूटीवर येते, जळमटं काढते, खडूचे खोके कुरतडणाऱ्या उंदरांना चार शिव्या घालते आणि गाणं म्हणत पहिलीच्या पोरांच्या नावांची कार्डं करते. यंदा मे महिन्यात आई गेली. गाणं बंद झालं. उंदीरही शिव्यांवाचून सुखात राहिले.

घरात मला हाक मारणारी ती एकटीच उरली होती. "ढमे, जेवाले ये वं!" सगळ्या गावाला मी प्रतिभा मॅडम, पन्नाशी उलटलेली, तोंडाने जरा फटकळ. तिला मात्र मी ढमीच.

शेवटी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी म्हसावदला महावीरशेठच्या दुकानातून रंगीत कार्डशीट घेतली आणि वर्गात सतरंजीवर कात्री घेऊन बसले. शाळेची खिचडी रांधणारी सोनीबाई स्वयंपाकखोली धुवायला आली होती. तिची धाकटी उद्यापासून माझ्याच वर्गात येणार होती. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, एक पाय आत, एक पाय बाहेर.

"ये, तुझंच नाव लिहिलंय," मी कार्ड दाखवलं. "हेमांगी."

"हाई मन्हं नही."

"मग कोणाचं?"

"काय माहीत. मी भुरी शे."

सोनीबाई ओल्या हातांनीच धावत आली. "मॅडम, घरमा समदा तिले भुरीच म्हनतस. दाखलावर हेमांगी शे. ए भुरी, शाळामा हेमांगीच म्हननं पडी!"

भुरीने आत टाकलेला पाय बाहेर घेतला. "मंग मले नही येनं शाळामा."

"काबर वं?" मी विचारलं. वर्गात मी अशी बोलत नाही, पण आईची बोली तोंडातून निघून गेली.

तिने फ्रॉकची झालर बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "शाळामा हेमांगी बसी. मंग भुरी कोठे जाई?"

सोनीबाई हसली. मला हसता येईना. आई गेल्यापासून हेच माझ्या मनात घोळत होतं आणि विचारायला कोणी नव्हतं. हाक मारणारी गेली, मग ढमी कुठे गेली?

मी कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'भुरी' लिहिलं. "देख. पुढे हेमांगी, मांगे भुरी. आठेच शे ती, कार्डवर."

तिने नखाने खरवडून पाहिलं. अक्षर निघालं नाही, तेव्हा कुठे ती सतरंजीवर टेकली. "तुन्हं कार्ड?"

मी माझंही कार्ड केलं. तिने ते लगेच उलटं केलं. "मांगे काहीच नही?"

मग मी जन्मात पहिल्यांदा ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ढमी.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पन तू ते काडी शेस!"

"लहानपने जाड व्हतू."

"कोन म्हनस तुले ढमी?"

"मन्ही माय म्हने."

"आते?"

"आते कोनीच नही."

ती आपलं कार्ड छातीशी धरून आईकडे पळाली. उद्या येईल की नाही, कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण सतरंजीच्या अगदी कडेला, दाराशी बसली. मी हजेरी घ्यायला लागले.

"हेमांगी."

कोणी बोलेना. बाहेर सोनीबाई हातातला झारा तसाच धरून उभी होती.

"हेमांगी," मी पुन्हा म्हटलं. ही पोर आत्ता उठून गेली तर परत येणार नाही हे मला ठाऊक होतं.

ती उठली. पण दाराकडे गेली नाही. सगळ्या पोरांमधून वाट काढत माझ्या टेबलाशी आली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "हजर, ढमे!"

वर्ग खिदळला. सोनीबाईने कपाळावर हात मारला. शाळेत मॅडम म्हणायचं, हे मी पहिल्याच दिवशी शिकवते. यंदा माझे डोळे भरून आले आणि मीही म्हटलं, "हजर."