दादाच्या गाण्यात माझा पाय

हॉलच्या मालकाने बजावलं होतं, तिसऱ्या गाण्यापर्यंत लोक नाचायला उठले नाहीत तर उद्यापासून येऊ नका. दोन गाणी झाली. लोक खुर्च्यांना चिकटलेलेच.

दादाची गिटार रॉकवाली, कडक. ड्रमवर मी. मला रॉकही आवडतं आणि नाचायची गाणीही, पण हे दादापुढे बोलायची सोय नव्हती. "ते मशीनचं धबधब घरी ठेव," म्हणायचा.

तिसरं गाणं सुरू झालं. पुढच्या टेबलाशी वहिनी माझ्याकडे बघत बोटं आपटत होती, एकसारखी, नाचाच्या गाण्यासारखी. म्हटलं, काम तसंही जातंयच. मोठ्या ड्रमच्या पेडलवर पाय सोडला, दर ठोक्याला एक दणका.

दादा गर्रकन वळला. डोळे असे, की लहानपणचा मार आठवला. त्याचा हात थांबला. गाणं लटकलं. माझा पाय मात्र चालूच.

मग त्याने तारांवर तळवा दाबला आणि माझ्या दणक्यांच्या मधल्या फटीत गिटार तोडून तोडून वाजवायला लागला. वहिनी उठली. तिच्यामागून दोन टेबलं उठली.

दादा माझ्या कानाशी वाकला. "गाढवा, आता थांबलास तर याद राख."